साडूचं जठर

वजन उतरवण्यासाठी गजेंद्र निमसे यांच्या जठराचा जो भाग कापायचा होता, तो तसाही पिवळ्या पिशवीत जाणार होता. दवाखान्यातल्या पिवळ्या पिशवीत जे जातं ते भट्टीत जातं, आणि भट्टीत गेलेल्या मांसाबद्दल कुणी कुणाचे आभार मानत नाही. तोच तुकडा साडूला दिला तर मात्र निमसेंच्या पदरात बरंच काही पडणार होतं. वजन उतरणार होतंच, एकशे अडतीसवरून ऐंशीवर. वर अवयवदाता म्हणून नाव होणार. थोरले जावई म्हणून सासुरवाडीत मान होता, त्याला त्यागाची झालर लागणार. मेहुणी जन्मभर आवाज खाली ठेवून बोलणार. आणि जो साडू गेली चौदा वर्षं निमसेंच्या पंगतीतून दीड पोळीवर हात धुवून उठत होता, तो आता निमसेंचंच काहीतरी अंगात वागवत फिरणार. मिळायचं एवढं, आणि द्यायचा काय, तर कचरा. नाशिकच्या निमसे लॉन्सच्या मालकाला असा व्यवहार कळायला कागद-पेन लागत नाही.

"देतो की," ते म्हणाले. "आपल्याच माणसाला नाही द्यायचं तर कुणाला?"

आपलं माणूस म्हणजे तुषार बोरस्ते, वय एक्केचाळीस, वजन एकोणपन्नास, टॉवर क्रेनवरचा ऑपरेटर. क्रेन्स आता बहुतेक जमिनीवरून, पडद्यासमोर बसून चालवल्या जात. पण ओझं वस्तीवरून फिरणार असेल तर वर केबिनमध्ये माणूस हवाच, असा नियम होता आणि तुषार त्या नियमावर जगत होता. पंचेचाळीस मजल्यांवर काचेची खोली, वारा, आणि कुणाचाही आवाज नाही. त्याला तेच आवडायचं.

मग क्षयरोगानं त्याचं मूत्राशय धरलं. रोग गेला, पण जाताना मूत्राशयाची पिशवी आक्रसून चहाच्या अर्ध्या कपाएवढी करून गेला. दर पंचवीस मिनिटांनी जावं लागे. केबिनपर्यंत चढायला अठरा मिनिटं लागत. म्हणजे वर पोचून सात मिनिटं काम, की पुन्हा उतरा. तुषारनं बाटल्या नेल्या. दिवसाला तेरा-चौदा बाटल्या पायाशी घरंगळत असत, उन्हात तापत, आणि काचेच्या त्या खोलीला मुतारीचा वास येई. एक दिवस एक बाटली निसटली आणि बाविसाव्या मजल्यावर सुपरवायझरच्या हेल्मेटवर फुटली. सुपरवायझरनं वर पाहिलं तेव्हा त्याचं तोंड उघडं होतं, हे त्यातलं वाईट.

तुषारला खाली आणून गेटवर हिरवा झेंडा हातात दिला. कंपनीच्या डॉक्टरनं लिहून दिलं: सहा महिन्यांत सलग चार तास केबिनमध्ये बसून दाखवा, लघवीचा तपास स्वच्छ आणा, नाहीतर परवाना कायमचा बंद.

मूत्राशय मोठं करण्याची शस्त्रक्रिया नवी नाही. आतड्याचा तुकडा उघडून मूत्राशयाला ठिगळासारखा शिवायचा, हे शंभरावर वर्षं चाललं आहे. पण आतड्याचा स्वभाव शोषून घ्यायचा. शरीरानं लघवीतून टाकलेलं ते परत आत ओढतं, वर शेंबडासारखा बुळबुळीत स्राव सोडतं. मूत्रपिंडं धड असतील तर हे खपून जातं. तुषारची नव्हती. जठराचा तुकडा लावला तर तो शोषत नाही. पण जठर कुठेही शिवा, ते जठरच. माणूस जेवायला बसला की ते आम्ल सोडणार, मग लघवी निखाऱ्यासारखी उतरणार, तिच्यातून रक्त जाणार. म्हणून सर्जन हा मार्ग टाळत. गेल्या पाच-सात वर्षांत दोन गोष्टी झाल्या. आम्लाच्या पेशींना झोपवणारं इंजेक्शन निघालं, आणि एकाच्या पेशींवरची ओळख पुसून त्या दुसऱ्याला लावता येऊ लागल्या. तुषारचं स्वतःचं जठर क्षयाच्या गोळ्यांनी चाळण झालं होतं. निमसेंचं मात्र भरपूर होतं.

राहिलं घ्रेलिन. जठराच्या वरच्या घुमटात हे संप्रेरक तयार होतं. जठर रिकामं झालं की ते रक्तात सुटतं आणि मेंदूला सांगतं, भूक लागली. ते बंद करून चालत नव्हतं, कारण नव्या ठिगळात पहिलं वर्षभर रक्तवाहिन्या रुजायला तेच मदत करतं. म्हणून ठिगळात तांदळाच्या दाण्याएवढा नियंत्रक शिवत. घरच्यांनी रोज ॲपवर नोंदवायचं, रुग्णानं काय आणि किती खाल्लं. कमी खाल्लं तर नियंत्रक घ्रेलिन वाढू देई, जास्त खाल्लं तर दाबून धरी.

"म्हणजे पोळ्या मोजायच्या?" हर्षदानं विचारलं. ही तुषारची बायको.

"हो. प्रत्येक जेवणाला," शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉ. इनामदार म्हणाल्या.

"पण जेवणाऱ्याच्या पोळ्या मोजू नयेत, डॉक्टर."

"का बरं?"

"अन्न अंगी लागत नाही. दृष्ट लागते. आमच्या आईनं आयुष्यात कुणाच्या मोजल्या नाहीत."

डॉ. इनामदारांच्या दाराबाहेर अकरा माणसं थांबली होती. "मग अंदाजे लिहा," त्या म्हणाल्या.

शस्त्रक्रिया झाल्यावर हर्षदानं अंदाजे लिहिलं: दोन. सकाळी दोन, संध्याकाळी दोन. दोन हा आकडा सभ्य होता. नवरा नीट जेवतो का म्हणून कुणी विचारलं तर चांगल्या घरची बाई काय सांगते? 'कुठे काय खातात हो!' हेच तिनं ॲपला सांगितलं. ॲपला बायकांची रीत माहीत नव्हती. त्यानं ते खरं धरलं.

तिसऱ्या महिन्यात तुषार केबिनमध्ये परत गेला, तात्पुरत्या परवान्यावर. चार तास बसला. साडेचार बसला. खाली उतरून त्यानं हर्षदाला फोन केला आणि नुसता आकडा सांगितला: साडेचार.

भूक आली ती मागच्या दारानं. लघवी झाली की लागे. पिशवी रिकामी झाली की ठिगळाला वाटे जठर रिकामं झालं, आणि ते मेंदूला हाक मारी. तुषारला जन्मात अशी भूक माहीत नव्हती. पँटची चेन लावायच्या आत तोंडात पाणी सुटे. पहिले काही दिवस तो बाथरूममधून तडक स्वयंपाकघरात जाई. मग तेवढाही धीर निघेना. एक दिवस हर्षदा संडास धुवायला गेली तर फरशीवर शेव पडलेली. फ्लशच्या टाकीवर फरसाणाची पुडी, तिच्यावर तेलाची ओली बोटं.

"तुम्ही इथे खाता?"

"अगं, इथेच लागते तर."

"हात तरी धुता का मधे?"

तुषारनं बोटं पँटला पुसली. हर्षदानं पुडी दोन बोटांत धरून बाहेर नेली, कचऱ्यात टाकली आणि मग स्वतः बेसिनवर वाकून बराच वेळ ओकाऱ्या काढल्या.

तो तिच्या ताटातलं उचलू लागला. परातीतली कच्ची कणीक खाऊ लागला. कढईतलं फोडणीचं थिजलेलं तेल त्यानं पोळीच्या तुकड्यानं पुसून खाल्लं आणि कढई तोंडाला लावून पाहिली. हर्षदा पोळ्या लाटत राहिली आणि लिहीत राहिली: दोन, दोन.

तिकडे गजेंद्र निमसे एक्क्याण्णव किलोंवर आले होते आणि त्यांना जगण्यात काही राम वाटत नव्हता. पाच चमचे वरणाचं पाणी घेतलं की जेवण संपे. त्यांच्याच लॉन्सवर आठशे पानं उठायची, गुलाबजामांची घमेली जवळून जायची, आणि त्यांना काही म्हणजे काही होत नसे. मेलेल्या माणसाच्या नाकाला अत्तर लावावं तसं. मग एका रविवारी मेहुणीकडे गेले असताना त्यांनी तुषारला जेवताना पाहिलं. खुर्ची ओढून ते समोर बसले आणि उठलेच नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून डबे सुरू झाले. काळ्या मसाल्याचं मटण, बाजरीच्या भाकऱ्या, शेवेची भाजी, मांडे, बासुंदी. डबा घेऊन निमसे स्वतः येत, आणि दारातूनच विचारत, "काय साडूभाऊ, झाली का लघवी?"

"अर्ध्या तासापूर्वीच झाली."

"मग घ्या दोन तांबे पाणी. मोकळं झाल्याशिवाय मजा नाही. मी थांबतो."

"दाजी, लघवीच्या वेळा काय विचारता माणसाच्या?" हर्षदा म्हणाली.

"अगं, माझ्याच जठराची विचारतोय. मुलगी सासरी दिली म्हणून बाप खुशाली विचारायचं सोडतो का?"

ते बाथरूमच्या दाराला कान लावून उभे राहत. आतला आवाज बारीक होत थांबला की त्यांच्या गळ्याची घाटी वर-खाली होई. तुषार बाहेर येई तोवर ताट वाढलेलं असे.

"हाडाची नळी चोखा. अशी नाही, मागून. मागून ओढा म्हणतो ना! आली? आली का बाहेर?"

"अं."

"कशी आहे? बोला की."

"मऊ. खारट... थोडी गोडसर."

"गोडसर!" निमसे डोळे मिटत. त्यांचे जबडे रिकामेच हलत असत. एकदा त्यांनी तुषारच्या हनुवटीवरून ओघळलेला रस्सा स्वतःच्या बोटानं पुसला, बोट नाकाशी धरलं, मग जिभेला लावलं. तोंडावर काहीच उमटलं नाही. बोट त्यांनी शेजारच्या दिवाणावरच्या चादरीला पुसलं आणि दुसरी नळी पुढे केली. चादर हर्षदाला धुवावी लागली. तिनं ती दोनदा धुतली आणि तरी अंथरली नाही.

पाचव्या महिन्यात, पंचेचाळीस मजल्यांवर, तुषारच्या बाटलीत कोकम सरबताच्या रंगाचं पाणी उतरलं. तो केबिनच्या फरशीवर गुडघ्यांवर बसला. खाली दोर टांगलेला, दोराला दोन टन सळई, आणि वर हा दातांत टोपी धरून. एवढ्या खाण्यानं ठिगळातल्या झोपलेल्या पेशी जाग्या झाल्या होत्या. पिशवीत आम्ल पाझरत होतं.

दवाखान्यात निमसेही सोबत आले होते. डॉ. इनामदारांनी नोंदी उघडल्या आणि चष्मा काढला.

"यात तर हे चार पोळ्यांवर जगतायत. नियंत्रक काय करणार? त्याला वाटलं माणूस उपाशी मरतोय. त्यानं भूक पार वरपर्यंत सोडलीय."

हर्षदानं हातातला फोन उलटा करून मांडीवर ठेवला.

"कंपनीच्या तपासणीला एकवीस दिवस आहेत," डॉक्टर म्हणाल्या. "घास न् घास खरा लिहा. नियंत्रक भूक खाली आणेल, खाणं उतरेल, आम्ल थांबेल. तपासणीला रक्त दिसणार नाही. नाहीतर ठिगळ काढावं लागेल. आणि बोरस्ते, स्वतः नाही लिहायचं. या भुकेत माणूस स्वतःशी खरं बोलत नाही."

घरी आल्यावर हर्षदानं फोन हातात घेतला. ताटाकडे पाहिलं. पहिली पोळी गेली, दुसरी गेली, आणि तिसरीला तिनं तोंड फिरवलं. माणसाच्या जेवणावर नजर ठेवणं हे तिला त्याच्या अंगावरचा कपडा ओढण्यासारखं वाटत होतं.

"आण इकडे," निमसे म्हणाले. "मी मोजतो. माझी कसली आलीय दृष्ट? मी तर बघायलाच बसतो."

हर्षदानं फोन त्यांच्या हातात दिला आणि तिला इतकं हलकं वाटलं की तिनं त्यांना चहा विचारला. अर्धा कप.

आठ दिवस गेले. भूक उतरेना. रंग कोकमावरून डाळिंबावर गेला. तुषार लघवीला जाताना तोंडात टॉवेलचा बोळा धरू लागला, आणि बाहेर आला की त्याच तोंडानं खाऊ लागला. नवव्या दिवशी हर्षदा परातीसमोर बसली होती. एकाएकी तिच्या लक्षात आलं की खाल्लेल्या मोजायच्या नसतात. लाटलेल्या मोजू नयेत असं कुणीच कधी सांगितलं नव्हतं. तिनं गोळे मोजले. बावीस. जेवण झाल्यावर टोपल्यातल्या पाहिल्या. चार. एक तिनं खाल्ली होती. निमसे हात धुवायला गेले तेव्हा तिनं फोन उचलला.

दोन.

मागचे आठही दिवस: दोन, दोन, दोन.

"दाजी, हे काय आहे?"

निमसे टॉवेलला हात पुसत आले. आकडा त्यांनी पाहिला, आणि नाटक करायचं त्यांच्या मनात आलं नाही.

"तूच शिकवलंस की. तूच लिहीत होतीस."

"मला कळत नव्हतं. तुम्हाला डॉक्टरांनी समोर सांगितलं होतं."

"सांगितलं होतं. भूक खाली आणायची म्हणाली बाई." ते खुर्चीत बसले. त्यांच्या गळ्याखालची रिकामी कातडी लोंबत होती. "कुणाची भूक ती? माझी आहे. पन्नास वर्षं मी पोसली. माझ्यात तर मेली. एका ठिकाणी जिवंत आहे, तीही तुम्ही मारून टाकता. जरा चाललीय चालू दे ना, हर्षदा. मी कुठे काही मागतोय? नुसतं बघतो."

"यांचं रक्त जातंय!"

"थोडं जातंय."

हर्षदा वळली. तुषार टेबलाशीच होता. समोर बासुंदीची वाटी, आणि तो तिच्या कडेची साय बोटानं खरवडत होता.

"तुम्हाला माहीत होतं? हे दोन लिहितात ते?"

तुषारनं बोट तोंडात घातलं. डोळ्यांत पाणी होतं. तो बोट चोखत राहिला.

"उत्तर द्या."

"जन्मभर जेवण म्हणजे नुसतं काम होतं गं मला," तो म्हणाला. साय ओठाला चिकटली होती. "तुला नाही कळणार. उद्यापासून खरं लिहू. आजचं राहू दे."

हर्षदानं वाटी उचलली आणि मोरीत ओतली. निमसेंच्या तोंडून कळवळल्यासारखा आवाज निघाला, जणू पोरगं पडलं.

उद्यापासून खरं लिहिलं गेलं, हर्षदाच्या हातानं, एकेक घास बघून. पण आम्लानं आपलं काम केलं होतं. चौथ्या दिवशी ठिगळाला भोक पडलं, लघवी पोटात पसरली, आणि डॉ. इनामदारांना ते काढावं लागलं. काढलेल्या तुकड्याची पिशवी निमसेंनी दाराच्या काचेतून पाहिली. जाताना त्यांनी शर्टाची वरची गुंडी लावली आणि 'देवाची इच्छा' असं काहीतरी म्हणाले.

तुषारच्या कमरेला आता नळी आणि प्लास्टिकची थैली होती. कंपनीनं सहा महिने वाढवून दिले, शेवटचे म्हणून. मूत्राशय पुन्हा मोठं करता येणार होतं. दरम्यान नवा नियंत्रक आला होता, त्याला घरच्यांनी काही सांगावं लागत नव्हतं. तो रक्तातूनच ओळखे. हाच वर्षभर आधी आला असता तर, असं कुणी म्हटलं नाही. जठर मात्र कुणाचं तरी हवं होतं.

"माझं तर काही उरलंच नाही," निमसे म्हणाले. त्यांचं वजन एकोणऐंशी झालं होतं, साखर ताब्यात होती, लॉन्सवर लोक त्यांना पस्तिशीचे समजत.

सगळे हर्षदाकडे बघू लागले. कुणी काही विचारलं नाही. बायकोच देणार, हे विचारायचं असतं का?

"नीट ऐका," डॉ. इनामदार म्हणाल्या. "निमसेंचं जास्तीचं होतं. तुमचं नाही. तुमचं वजन बावन्न आहे आणि तुमचं जठर तुम्हालाच लागतं. त्यातला इतका भाग गेला तर आयुष्यभर घासभर जेवाल."

"यांना वर बसता येईल?"

"येईल. तुमची भूक साधी आहे, ठिगळ निमूट बसेल."

"सही कुठे करू?"

ठिगळ निमूट बसलं. पाचव्या महिन्यात तुषार पंचेचाळीस मजले चढून गेला. आता तो केबिनमध्ये पाच तास बसतो. लघवी स्वच्छ असते. मोकळं झाल्यावर थोडंसं काही खावंसं वाटतं, एखादं बिस्किट, आणि त्यावर भागतं. घरी जेवायला बसला की तो ताटाकडे बघत नाही. हर्षदाच्या ताटाकडेही बघत नाही.

हर्षदा सगळ्यांचं झाल्यावर, ओट्याशी उभी राहून जेवते. तीन घास जातात. चौथा कधी राहतो, कधी परत येतो. आंबट पाण्यासकट तो मोरीत पडतो, मग ती तोंड धुते, मोरी घासते, आणि तुषारच्या सकाळच्या डब्याची कणीक भिजवायला घेते. वजन बेचाळीस झालं आहे. परवा माहेरच्या एका बारशाला निमसेंनीच तिच्या पानात आग्रहानं जिलबी टाकली. ती तशीच राहिली, तेव्हा ते शेजारच्या पाहुण्यांना म्हणाले, "आमची मेहुणी पहिल्यापासूनच चिमणीसारखं खाते."

तर शेवटची गोळाबेरीज अशी. निमसेंनी टाकाऊ तुकडा दिला आणि घेता येईल तेवढं सगळं घेतलं. तुषारनं एक वर्ष दिलं, ते त्याला केबिनच्या रूपानं परत मिळालं. कामाला येत असलेलं, धडधाकट, स्वतःचं पोट दिलं ते फक्त हर्षदानं. आणि ते गेलं हे घरात अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही.